एक स्क्रू खिशात

काकांच्या घरातल्या कुठल्याही वस्तूला तिचे सगळे स्क्रू नव्हते. मिक्सरला चारपैकी तीन होते. इस्त्रीच्या मुठीला दोनपैकी एक होता. माझ्या खोलीतल्या पंख्याची छताजवळची वाटी एकाच स्क्रूवर लोंबकळायची, त्यामुळे पंखा दोनवर ठेवला की किरकिर आणि तीनवर ठेवला की खणखणाट. मी तक्रार घेऊन खाली गेले की काका चालता चालता, म्हणजे खरोखरच चालता चालता, एकच उत्तर द्यायचे.

"काम चालू आहे."

हे उत्तर मी जवळजवळ तीन वर्षं ऐकलं.

काका माझे घरमालक. कर्वेनगरात एका आतल्या गल्लीत त्यांचा बेताचा बंगला होता. खाली ते आणि काकू, वर गच्चीला लागून माझी खोली. मी अकोल्याची. कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या कोणालाही पुण्यात नोकरी लागत होती असे ते दिवस. मलाही औंधातल्या एका कंपनीत लागली आणि मी दोन बॅगा घेऊन खोली शोधत त्यांच्या फाटकाशी येऊन थांबले. काकांनी माझी मुलाखत घेतली. मी सोफ्यावर बसले होते आणि ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत प्रश्न विचारत होते. त्यांच्याकडे बघून उत्तर द्यायचं म्हणून मी मान फिरवत राहिले, ती शेवटी दुखायला लागली.

"कॉम्प्युटरवर नक्की काय करता आपण?"

"प्रोग्रॅम लिहिते."

"लिहून संपतो?"

"संपतो, पण मग त्यात चुका सापडतात. त्या काढल्या की दुसऱ्या सापडतात."

"म्हणजे कधीच संपत नाही."

"तसंच म्हणा ना."

काका थांबले. त्या अर्ध्या तासात पहिल्यांदाच थांबले. "उद्या सामान आणा," म्हणाले आणि पुन्हा चालायला लागले. जाताना काकूंनी मला फाटकापाशी हळूच सांगितलं, "तुझ्याआधी दोघी येऊन गेल्या. एक बँकेत होती. पाच वाजता आमचं काम संपतं, असं बोलून गेली बिचारी."

काकांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. पोहे उभ्यानं खायचे. वर्तमानपत्राचं एक एक पान सुटं करून ते हातात घेऊन फिरत वाचायचे, त्यामुळे अग्रलेख मोरीजवळ आणि क्रिकेट तुळशीजवळ सापडायचं. न्हाव्याच्या खुर्चीत ते टिकत नसत, म्हणून केस काकूच कापायच्या. डोक्याची डावी बाजू सकाळी आणि उजवी संध्याकाळी कापली जायची आणि मधल्या वेळात काका तसेच वाण्याकडे जाऊन यायचे. मला पहिल्या महिन्यात हसू आवरत नसे. नंतर लक्षात आलं की आपलंही फार वेगळं नाही. मी स्वतः दर सहा महिन्यांनी नवीन नोकरीचे अर्ज भरत होते, पासपोर्ट उशाशी ठेवत होते आणि एक बॅग कधी पूर्ण रिकामीच केली नव्हती. एका अस्वस्थ माणसाच्या डोक्यावर दुसरं अस्वस्थ माणूस राहायला आलं होतं, इतकंच.

सकाळी सातच्या ठोक्याला काका खाकी शर्ट घालून पोर्चमध्ये हजर व्हायचे. तिथे त्यांची हत्यारांची पेटी उघडी असायची आणि शेजारी गाडी. पांढरी, छोटी, सेकंडहँड, निम्म्या पुण्याकडे तेव्हा होती तशी. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काका आयुष्यभर फिटर होते. मग कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि पाठोपाठ स्वेच्छानिवृत्तीचं पत्र आलं.

"त्यात स्वेच्छा कंपनीची होती," काका म्हणायचे.

पुढचं मला काकूंनी मेथी निवडताना सांगितलं. शेवटच्या दिवशी काकांनी हातातलं प्रत्येक काम पूर्ण केलं. बाक पुसलं, हत्यारं मोजून परत केली, एकही जॉब अर्धा ठेवला नाही. मोठ्या अभिमानानं घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला उठून तयार झाले आणि दाराशी उभे राहिले. कुठे जायचं तेच नव्हतं. "दुपारपर्यंत तसेच उभे होते गं," काकू म्हणाल्या. "त्या दिवसापासून ह्यांनी कुठलंच काम पुरं केलं नाही."

काका स्वतः याला तत्त्वज्ञान म्हणत. काम संपलं की माणसाला घरी पाठवतात, म्हणून काम संपवायचं नाही. कुठलीही वस्तू उघडायची, बिघाड काढायचा, अगदी झकास दुरुस्त करायची, आणि शेवटचा एक स्क्रू न लावता खाकी शर्टाच्या खिशात टाकायचा. तो लावायचा आहे म्हणून उद्या सकाळी उठायचं. उद्या तो लावला जायचा नाही ते सोडा.

गाडीचा वायपर बंद पडला तो जूनच्या अखेरीला, कर्वे रस्त्यावर, साध्या भुरभुरीत. मी कंपनीची बस चुकल्यामुळे गाडीत होते. काकांनी खटका दाबला. काचेखालून घरघर आवाज आला, पण काठ्या जागच्या हलल्या नाहीत. मी कपाळाला हात लावला. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"ऐका," ते म्हणाले. "मोटार फिरतेय. म्हणजे मोटार जिवंत आहे, फ्यूज शाबूत आहे. मग काय झालं असेल?"

"गॅरेजला न्यावी लागेल."

"मधला सांधा निखळलाय. गुडघ्याची वाटी सरकली तर आपण काय नवीन पाय आणता का?"

तरी ते गाडी गॅरेजात घेऊन गेलेच. दुरुस्तीला नव्हे, शत्रूचं मत ऐकायला. गॅरेजवाला म्हणाला, "काका, सुटं काही मिळत नाही आता. अख्खा सेट बदलायला लागंल." काका दोन दिवस ते वाक्य घोळवत पोर्चमध्ये फिरत होते. "अख्खा सेट. दोन बोटांएवढं प्लास्टिक झिजलं म्हणून अख्खा सेट. माणसंही आता सेटमध्येच बदलतात." मी म्हटलं, पैसे वाचवायचे असतील तर मी विचारून बघते, आमच्या कंपनीतल्या एकाचा भाऊ जुने सुटे भाग विकतो. काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "पैसे नाहीत म्हणून नाही, अक्कल आहे म्हणून बाहेर टाकत नाही."

शनिवारी सकाळी मला टॉर्च धरायला बोलावणं आलं. काकांनी आधी दोन्ही काठ्या काढल्या. प्रत्येक काठीच्या बुडाशी एक प्लास्टिकची टोपी असते, ती उचकटली की खाली नट. नट सोडला की काठी दात्यांच्या दांड्यावरून उपसून निघते. मग काचेखालची काळी जाळी काढली. आत मोटार, तिच्यापासून दोन्ही काठ्यांकडे जाणाऱ्या लोखंडी पट्ट्या, आणि त्यातली एक पट्टी सुटून पडलेली. पट्टीच्या टोकाला नायलॉनची छोटी वाटी असते, ती मोटारीच्या दांड्यावरच्या लोखंडी गोळीवर चपखल बसते. ती वाटी एका बाजूनं झिजली होती, जुन्या चपलेच्या टाचेसारखी.

"हा बघा रोगी," काका म्हणाले. "बुश म्हणतात याला."

नवीन बुशसाठी त्यांनी टीव्हीच्या ट्रॉलीचं एक चाक काढून आणलं. काकू आतून ओरडल्या, "अहो, टीव्ही तिरका झाला!" "खाली पेपर घाला," काका म्हणाले, "कालचा. आजचा वाचायचाय." मग ते चाक करवतीनं कापून, भोक पाडून, कानशीनं घासून, मापून, पुन्हा घासून, पुन्हा मापून त्यांनी त्या वाटीची दुसरी वाटी तयार केली. मी दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारी बाई. पण हातांनी काही इतकं नेमकं होताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते हात चालत होते तेव्हा काकांचे पाय एका जागी उभे होते. हेही मी पहिल्यांदाच पाहिलं.

बुश गोळीवर बसेना. काकांनी तो चहाच्या पातेल्यात टाकून उकळत ठेवला.

"त्यात चहा होतो!" काकू.

"आज बुश होईल."

उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढलेला मऊ बुश त्यांनी पट्टीत बसवला, पट्टी गोळीवर धरली आणि पकडीनं दाबली. टक्. मला तो आवाज अजून आठवतो. बोट घालून ग्रीस लावलं आणि मग मला आत बसून वायपर चालू करून बंद करायला सांगितलं.

"काठ्या लावायच्या आधी मोटारीला तिच्या जागी जाऊ द्यायचं. बंद केलं की ती फिरून फिरून एका ठरावीक जागी येऊन थांबते. ती तिची विश्रांतीची जागा. ती तिथे थांबली की मगच काठ्या बसवायच्या. घाई केली तर काठ्या भलतीकडेच उभ्या राहतात."

"आणि तुमची जागा कुठली हो काका?" मी उगाच चिडवलं.

"आमची काढून घेतली," ते म्हणाले आणि पाना उचलला.

डावी काठी बसवली. नट इतका आवळला की पाना कुरकुरला. वर टोपी दाबली. मग चालकाच्या समोरची उजवी काठी दात्यांवर दाबून बसवली, नट हातात घेतला, त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि तो खाकी शर्टाच्या खिशात टाकला. वरून टोपी लावून टाकली. बाहेरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

"काका, नट राहिला."

"दाते आहेत ना, धरून राहील. उद्या बघू. अजून रबर बदलायचंय."

मी हसले. टॉर्च बंद केला आणि हसत हसत वर निघून गेले. आजही मला त्या हसण्याची लाज वाटते. तेव्हा मात्र मी ऑफिसात सगळ्यांना ही गोष्ट नक्कल करून सांगितली आणि वाहवा मिळवली.

आठवडाभर वायपर छान चालला. पाऊसही तसा बेताचाच होता. पुढच्या रविवारी सकाळी विश्रांतवाडीहून फोन आला. काकूंची धाकटी बहीण तिथे राहायची, गेले चार महिने अंथरुणाला खिळलेली. तिचा मुलगा बोलत होता. मावशी, आई आज शुद्धीवर आहे, बोलतेय, सारखी ताईला बोलवा म्हणतेय. डॉक्टर म्हणाले, आज येऊन गेलेलं बरं.

काकूंनी फोन ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्या बहिणीला लहानपणापासून मेतकूट घातलेला मऊ भात आवडायचा. दहा मिनिटांत त्यांनी तो डब्यात भरला. काकांनी आंघोळ करून पांढरा शर्ट घातला, सासुरवाडीकडच्या माणसांत जायचं म्हणून. काकू मला म्हणाल्या, "तूही चल गं. मी तिथे राहिले तर ह्यांना एकट्यानं परत यायला नको." आम्ही निघालो.

डेक्कन मागे पडेपर्यंत पाऊस बरा होता. संगम पुलाच्या अलीकडे तो असा कोसळायला लागला की पुढची बस दिसेना. काकांनी वायपर जोरात केला. डावीकडची काठी सपासप फिरत होती. उजवीकडची दोनदा वर गेली, तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडखळली आणि मग काचेवर आडवी पडून राहिली. आतून मोटार आपली घरघरत होती. माझ्या बाजूची काच स्वच्छ आणि काकांच्या समोर नुसतं पाणी.

काकांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरले. पावसात उभं राहून त्यांनी टोपी उचकटली आणि उजवा हात सवयीनं छातीवरच्या खिशाकडे नेला. मी काचेतून बघत होते. खिसा रिकामा होता. शर्ट पांढरा होता. त्यांचा हात त्या ओल्या, सपाट खिशावर तसाच राहिला.

मग त्यांनी डावीकडचा नट काढून इकडे लावायचा प्रयत्न केला. पाना नव्हता. पेटी घरी होती, पोर्चमध्ये, काम चालू असलेल्या ठिकाणी. तो नट बोटांनी हलेल असा त्यांनी आवळलाच नव्हता. रुमाल गुंडाळून बघितला, दातही लावून बघितले. उजवी काठी हातानं दाबून बसवली तर ती दोन फेऱ्या मारून पुन्हा आडवी. शेवटी आत येऊन बसले, खिडकीतून हात बाहेर काढून त्या हातानं काच पुसत गाडी पुढे काढली. मागून ट्रकचा भोंगा वाजला आणि गाडी कशीबशी कठड्यापासून वाचली.

"थांबा," मागून काकू म्हणाल्या. "तिला भेटायला निघालोय. तिच्या आधी जायला नको."

मी छत्री घेऊन रिक्षा शोधायला उतरले. रिकाम्या रिक्षा थांबत नव्हत्या. एक थांबली, तिचा चालक म्हणाला, "विश्रांतवाडी? तिकडं पाणी भरलंय ताई, नाय येणार." दुसऱ्यानं मान हलवली आणि निघून गेला. मी चिडले, ओरडले, एकाला अकोल्याच्या भाषेत शिव्या घातल्या. अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला. गाडीत काकू डबा मांडीवर धरून बसल्या होत्या आणि मधून मधून त्याला हात लावून तो गरम आहे का बघत होत्या. काका गाडीबाहेरच होते, कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजत चालत होते.

शेवटी एक रिक्षा मिळाली. काकू आणि मी गेलो, काका गाडीपाशी राहिले. आम्ही पोचलो तेव्हा भाचा दारातच उभा होता. "मावशी, आत्ता अर्ध्या तासापूर्वीपर्यंत विचारत होती गं. ताई आली का, ताई आली का." आत त्यांच्या बहिणीचे डोळे मिटलेले होते. काकूंनी तिचा हात हातात घेतला, कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी सांगितलं. ऐकू गेलं असेल, असं सगळे म्हणाले. बहीण पुन्हा शुद्धीवर आली नाही. मंगळवारी गेली.

काका त्या दिवशी पाऊस ओसरल्यावर तिथे आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. काकू त्यांना दोषाचा एक शब्दही बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या, भांडी आपटली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "ओल्या कपड्यांनी किती वेळ उभे आहात?" एवढंच.

घरी आल्यावर काकांनी खुंटीवरच्या खाकी शर्टातून तो नट काढला आणि गाडीला लावला. मग आत आले आणि मिक्सरचा चौथा स्क्रू लावला. दुसऱ्या दिवशी इस्त्री. मग बेसिनचा नळ, दाराची घंटा, शिलाई मशीनचं झाकण. ट्रॉलीला नवीन चाक आणून बसवलं. चार दिवस ते घरभर फिरून एक एक गोष्ट पूर्ण करत होते आणि बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी वर आले, स्टुलावर चढून माझ्या पंख्याची वाटी घट्ट केली, "झालं," म्हणाले आणि खाली गेले. पंखा पहिल्यांदाच आवाज न करता फिरला. मला त्या खोलीत बसवेना.

मग काका खुर्चीत बसले. बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून. सात वाजले तरी उठेनात. पोहे बसून खाल्ले. गाडीची किल्ली खिळ्याला लावली ती तिथेच राहिली. काकूंच्या बहिणीचे दिवस झाले, आलेली माणसं परतली, आणि काका तसेच बसून होते. माझंच मन मला खात होतं. शेवटी एका सकाळी गच्चीवर काकू कपडे वाळत घालत होत्या तेव्हा मी बोलून टाकलं.

"काकू, नट लावलेला नाही हे मला माहीत होतं. मी समोर होते. मी हसले होते."

काकूंनी हातातला टॉवेल झटकला. "मलाही माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला?"

"तो खाकी शर्ट कोण धुतं? दर वेळी खिसा मीच रिकामा करते. त्या शनिवारीही केला. नट निघाला. शर्ट वाळल्यावर पुन्हा त्याच खिशात घालून ठेवला. ह्यांची नोकरी सुटल्यापासून तेच करतेय. ह्यांचं काम जाग्यावर राहू दे म्हणून."

तिघांना माहीत होतं आणि तिघंही त्या गाडीत बसून निघालो होतो. आम्हाला कोणालाच ते चुकीचं वाटलं नव्हतं, कारण त्या घरात तसंच असायचं.

"मी ह्यांना काय बोलणार?" काकू म्हणाल्या. "बोलायचं तर आधी स्वतःला बोलायला हवं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी त्याच टॉवेलनं पुसलं. "बहीण गेली ती गेली. पण खाली हे बसलेत ना, त्यांच्याकडे बघवत नाही. पायांचा आवाज ऐकत स्वयंपाक करायची सवय आहे मला. आता घरात कोणी नसल्यासारखं वाटतं. हेही असेच जातील गं, बसल्या बसल्या."

दोन दिवसांनी मी दुधाची पिशवी द्यायला खाली गेले. स्वयंपाकघराचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत काकू मिक्सर पालथा घालून बसल्या होत्या, हातात काकांचा पेचकस. डोळे बारीक करून, जीभ दातात धरून त्या एक स्क्रू काढत होत्या. मला बघितल्यावर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. दुसरा काढला. मग दोन्ही स्क्रू ओट्यावर ठेवले, मिक्सर सरळ केला आणि मोठ्यानं हाक मारली.

"अहो! हा मिक्सर खडखडतोय. बघता का जरा?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका आत आले, मिक्सर उचलला, उलटा केला. ओट्यावरचे स्क्रू बघितले, एक उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"हा आपोआप निघालेला नाही. खाचेवर ताजा ओरखडा आहे. पेचकस चुकीचा वापरलाय."

"असेल."

"कोणी काढला?"

"काम करणार आहात की चौकशी?"

काका काकूंकडे बघत राहिले. काकूंनी नजर वळवली नाही. मला तिथून निघून जायला हवं होतं, पण मी दुधाची पिशवी धरून तिथेच उभी राहिले. काकांनी पेचकस घेतला, एक स्क्रू लावला. दुसरा घेतला. तो चिमटीत धरून थांबले. हात खिशाकडे गेला नाही, मिक्सरकडेही गेला नाही. मधल्या मधे राहिला. मग त्यांनी मान खाली घातली आणि तो स्क्रू लावायला वाकले.

काकूंनी त्यांच्यासमोर तळवा धरला.

"इकडे द्या."

"कशाला?"

"तो माझ्याकडे राहील. उद्या सातला माझ्याकडून मागून घ्या. आणि गाडीला हात लावलात तर बाहेर पडायच्या आधी मी मोजून घेईन. घरात काय वाटेल ते करा, गाडीत नाही."

काकांनी स्क्रू त्यांच्या तळव्यावर ठेवला. काकूंनी तो पदराच्या टोकात बांधला, गाठ ओढून घट्ट केली आणि कुकर लावायला वळल्या. काका तिथेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सातला मी गच्चीत उभी राहून कान देऊन ऐकत होते. खालून काकांचा आवाज आला, "अहो, तो स्क्रू." मग काकूंचा, "लावणार आहात?" मग काका, "बघतो. इस्त्रीही आवाज करतेय." आणि मग पावलं. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत.

त्यानंतर आठेक दिवसांनी मी ऑफिसातून आले, पंखा लावला आणि तो किरकिरला. तीनवर केला, खणखणला. स्टुलावर चढून बघितलं तर वाटी एकाच स्क्रूवर लोंबत होती. मी चपला घातल्या, धाडधाड जिना उतरले आणि पोर्चमध्ये जाऊन चांगली तणतणून तक्रार केली. भाडेकरूला काही किंमत आहे की नाही, असंही म्हणाले.

काका खाकी शर्टात होते. चालता चालता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काम चालू आहे," ते म्हणाले.